लिफ्टच्या खुर्चीचा टब : तो कसा बसवला आणि कसा वापरतो



आपल्या सदनातल्या न्हाणीघरात विजेवर वरखाली होणाऱ्या खुर्चीचा टब बसला, ही बातमी मागच्या अंकात आपण वाचली असेल. त्यानंतर बऱ्याच जणांनी पत्राने आणि फोनवर विचारले की, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सदनाला एवढ्या खर्चाच्या वस्तूची गरज काय? बादली आणि तांब्या पुरत नाही का? प्रश्न रास्त आहे. देणगी आपली आहे, तेव्हा तिचे काय झाले हे जाणून घेण्याचा हक्कही आपला आहे. सदनातल्या परिचर्येचे काम मी पाहते, म्हणून उत्तर मीच लिहीत आहे. पुढेमागे आपल्या घरात किंवा मंडळीत कोणाला अशा साधनाची गरज पडली, तर त्यांनाही या माहितीचा उपयोग व्हावा.

गरज कोणाला?

सदनातल्या बहुतेकांना बादली आणि तांब्याच पुरतो, आणि त्यांची आंघोळ आजही तशीच होते. टब आहे तो ज्यांना स्वतः बसता-उठता येत नाही त्यांच्यासाठी. असे लोक तीन प्रकारचे आहेत.

पहिले, झाडावरून पडलेले. आपल्या भागात मोहाची फुले, ताडी, मध, जळण यांसाठी माणसे उंच झाडांवर चढतात. पाय निसटला की पाठीचा कणा मोडतो आणि कमरेखालचे अंग लुळे पडते. अशा माणसाला पायांची हालचालही नसते आणि संवेदनाही नसते. उकळते पाणी पायावर पडले तरी त्याला कळत नाही.

दुसरे, सिकलसेलचे रुग्ण. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा रक्ताचा आजार बराच आढळतो. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले, ते आपल्याला आठवत असेल. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या हाडाला रक्त मिळेनासे होते, हाड झिजते आणि ऐन तिशीतल्या माणसाला खाली बसणे अशक्य होते. शिवाय गार पाणी अंगावर पडले की अशा रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. तोरणमाळच्या बाजूला पौष महिन्यात काय गारठा असतो हे आपण जाणता. म्हणून अशा रुग्णाला कोमट पाणी मिळणे हा औषधाचाच भाग आहे.

तिसरे, अगदी थकलेली वृद्ध माणसे आणि कुष्ठरोगामुळे हातापायांची संवेदना गेलेले लोक.

या सगळ्यांना पूर्वी दोन सेविका उचलून न्हाणीतल्या फरशीवर बसवीत. ओली फरशी, साबणाचे हात आणि पन्नास किलोंचे शरीर. पडण्याची भीती दोघांनाही. दोन सेविकांना कमरेच्या दुखण्यामुळे जड काम सोडावे लागले. अशा स्थितीत माणसाची आंघोळ हळूहळू कमी होत जाते. रोजची एक दिवसाआड होते, मग आठवड्याची, मग नुसते ओल्या फडक्याने अंग पुसणे उरते. त्वचेच्या घड्यांत खाज आणि बुरशी येते, अंगाला वास येतो आणि माणूस इतरांपासून दूर बसू लागतो. टबाची किंमत सांगताना या गोष्टीही हिशेबात धराव्या लागतात.

हा टब म्हणजे नेमके काय?

टब फायबरचा आहे आणि मजबूत लोखंडी पायांवर उभा आहे. सेविकेला वाकावे लागू नये एवढ्या उंचीवर त्याचा काठ येतो. टबाला जोडलेली एक खुर्ची आहे. तिला पाठ आहे, दोन्ही बाजूंना हात आहेत आणि कमरेला बांधायचा पट्टा आहे. खुर्ची बाहेरच्या बाजूला येऊन चाकाच्या खुर्चीच्या उंचीला थांबते. माणूस तिच्यावर सरकून बसला की ती वर जाते, काठावरून आत वळते आणि सावकाश पाण्यात उतरते.

खुर्चीची मोटर २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. घरातली वीज २३० व्होल्टची असते. ती पाण्याजवळ नकोच, म्हणून बॅटरी काढून बाहेरच्या खोलीत चार्ज करायची आणि मग जागी बसवायची. सेविकेच्या हातात एक जलरोधक रिमोट असतो. त्यावर वर जाण्याचे एक आणि खाली येण्याचे एक अशी दोन बटणे आहेत. बटण सोडले की खुर्ची तिथेच थांबते. याशिवाय एक मोठे लाल बटण आहे. ते दाबले की सगळे बंद.

या यंत्रातली एक सोय मला फार मोलाची वाटते. बॅटरीत माणसाला परत वर आणण्याएवढी शक्ती नसेल, तर खुर्ची खाली जातच नाही. असे साधन कोणी घेणार असेल तर ही सोय त्यात आहे का, हे आधी विचारावे.

बसवण्याआधीची तयारी

टब येण्याआधी आमचे दीड महिन्याचे काम झाले. गवंडी, नळकाम करणारा आणि वायरमन या तिघांनी मिळून ते केले.

पहिली गोष्ट जमिनीची. टबात दीड-दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन. त्यात टबाचे आणि माणसाचे वजन मिळवा. म्हणून टब तळमजल्यावरच घेतला आणि त्याच्या पायांखाली काँक्रीटचा थर पक्का केला. फरशी गुळगुळीत होती. ती काढून खरखरीत फरशी बसवली आणि पाणी एका बाजूच्या जाळीकडे वाहून जाईल असा उतार दिला.

दुसरी गोष्ट जागेची. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते. दार ९० सेंटिमीटर रुंद केले आणि उंबरा काढून टाकला. टब भिंतीला चिकटवला नाही. दोन्ही बाजूंनी सेविकेला उभे राहता येईल एवढी जागा ठेवली.

तिसरी गोष्ट विजेची, आणि इथे तडजोड अजिबात करू नये. न्हाणीघरात एकही सॉकेट ठेवले नाही. चार्जरचे सॉकेट बाहेरच्या खोलीत, टबापासून तीन मीटरपेक्षा लांब आहे. त्या भागाच्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज कुठे गळू लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचे एक बटण असते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते दाबून पाहतो आणि वहीत लिहितो. अर्थिंगचा खड्डा नव्याने केला. गावाकडे जुन्या इमारतींत अर्थिंगची तार भिंतीतच कुठेतरी तुटलेली असते, ती कोणाला दिसत नाही. मीटर लावून तपासल्याशिवाय ती आहे असे मानू नये.

चौथी गोष्ट निचऱ्याची. टब रिकामा व्हायला फार वेळ लागला, तर माणूस ओल्या अंगाने कुडकुडत बसतो. म्हणून जाड पाइप टाकला आणि वास येऊ नये म्हणून खाली पाणी अडवणारा सापळा बसवला. साबणाचे पाणी परसातल्या केळींना जाते. जंतुनाशकाचे पाणी मात्र वेगळे शोषखड्ड्यात सोडतो.

पाणी किती गरम?

या साधनात सगळ्यात मोठा धोका विजेचा असेल असे लोकांना वाटते. मला जास्त भीती गरम पाण्याची वाटते.

छतावर आपले सौर बंब आहेत. मे महिन्याच्या दुपारी त्यांतले पाणी ६० अंशांच्याही वर जाते. ६० अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजते. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ असते, तिला तेवढाही वेळ लागत नाही. ज्याच्या अंगाला संवेदना नाही तो ओरडणारही नाही.

म्हणून टबाच्या नळाआधी तापमान राखणारा मिश्रण व्हॉल्व्ह बसवला आहे. तो गरम आणि गार पाणी मिसळून ठरावीक तापमानाचेच पाणी सोडतो. गार पाणी अचानक बंद झाले तर तो गरमही बंद करतो. ज्या ठिकाणी दुबळ्या माणसांना आंघोळ घालतात तिथे टबाच्या नळाचे पाणी ४४ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असा दंडक आहे. आम्ही प्रत्यक्षात ३७ ते ३८ अंशांवर आंघोळ घालतो, म्हणजे शरीराच्या उष्णतेएवढे पाणी.

व्हॉल्व्ह आहे म्हणून तपासणे सोडायचे नाही. टब भरल्यावर पाणी हाताने ढवळायचे, पाण्यात थर्मामीटर धरायचा, मग सेविकेने आपले कोपर बुडवून पाहायचे. पाणी भरून आणि तपासून झाल्यावरच माणसाला आत उतरवायचे. माणूस आत असताना गरम पाण्याचा नळ उघडायचा नाही.

आंघोळ घालताना

हे नियम न्हाणीघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहेत.

१. दोन सेविका असल्याशिवाय खुर्ची हलवायची नाही. एकीच्या हातात रिमोट, दुसरीचा हात माणसाच्या खांद्यावर. बायकांना सेविका आणि पुरुषांना सेवकच आंघोळ घालतात.

२. आधी बॅटरी पाहायची, मग रिकामी खुर्ची एकदा वरखाली करून पाहायची.

३. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावल्याशिवाय माणसाला सरकवायचे नाही. बसल्यावर पट्टा बांधायचा. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये सपाट हात जाईल एवढी जागा हवी.

४. लोंबणारे कपडे आवरायचे. आपल्याकडच्या बायका लुगडे किंवा परकर अंगावर ठेवूनच आंघोळ करतात, आणि ती लाज राखली गेलीच पाहिजे. पण लुगड्याचा पदर किंवा परकराची नाडी खुर्चीच्या सांध्यात अडकू शकते. म्हणून आमच्या शिवणवर्गातल्या मुलींनी नाडी नसलेले, गुडघ्यापर्यंतचे सुती झगे शिवून दिले. सेविकांनीही स्वतःचा पदर खोचून घ्यायचा आणि केस बांधायचे.

५. खुर्ची हलण्याआधी माणसाला त्याच्या भाषेत सांगायचे. पावरी, भिली, मावची, ज्याची जी असेल ती. हात खुर्चीच्या हातांवर ठेवायला सांगायचे. बोटे काठ आणि खुर्ची यांच्या मध्ये येऊ द्यायची नाहीत. काठ ओलांडताना लुळे पाय सेविकेने दोन्ही हातांनी उचलून धरायचे.

६. पाणी कमरेच्या थोडे वर, त्याहून अधिक नाही. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही.

७. माणसाला टबात एकटे सोडायचे नाही. फोन वाजला, दारावर कोणी आले, टॉवेल विसरला, तरीही नाही.

८. बाहेर काढताना आधी बूच काढून पाणी उतरू द्यायचे, अंगावर टॉवेल घालायचा आणि मग खुर्ची वर न्यायची. कोमट पाण्यातून एकदम वर आले की काहींचा रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. वर आल्यावर दोन मिनिटे तसेच बसू द्यायचे.

कामाला लावण्याआधी प्रत्येक सेविकेला आणि सेवकाला स्वतः त्या खुर्चीत बसवून पाण्यात उतरवले. अधांतरी लटकल्यावर पोटात कसा गोळा येतो, हे एकदा अनुभवले की रिमोटवरचा हात आपोआप हलका होतो.

लोकांनी काय म्हटले?

सुरुवातीला कोणी तयार नव्हते. आपल्याकडे आंघोळ म्हणजे अंगावरून वाहून जाणारे पाणी. आपल्याच अंगाच्या मळात बसून राहणे ही कल्पना आपल्याला रुचत नाही. एका आजींनी तर स्पष्टच सांगितले की, मला भांड्यासारखे बुडवू नका. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, म्हणून पद्धत आम्ही बदलली. आता टब अर्धाच भरतो. पाय आणि कंबर कोमट पाण्यात शेकतात. मग पाणी सोडून देतो आणि स्वच्छ पाण्याचे तांबे डोक्यावरून आणि खांद्यांवरून घालतो. शेवटचा तांब्या ज्याचा त्याने, हात चालत असेल तर, स्वतःच घ्यायचा. याने पाणीही निम्मे लागते. उन्हाळ्यात बोअरचे पाणी खाली गेले की टबाचे दिवस कमी करतो आणि खुब्याच्या दुखण्याच्या लोकांना आधी पाळी देतो. त्या आजी आता मंगळवारची पाळी चुकू देत नाहीत.

कोणाला टबात उतरवू नये?

ताप असेल, जुलाब होत असतील, उघडी जखम किंवा पाठीवर शय्याव्रण असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर टब नाही. जेवल्यावर तासभर नाही. ज्याला बसल्या जागी तोल अजिबात सांभाळता येत नाही त्याला ही खुर्ची पुरत नाही, त्याची आंघोळ खाटेवरच घालावी. मिरगीचा आजार ताब्यात नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही. टबातच झटका आला तर डोके पाण्याच्या वर धरून ठेवायचे, बूच काढायचे आणि मदतीला हाक मारायची. झटका चालू असताना उचलण्याची घाई करायची नाही. आमच्या खुर्चीच्या पाटीवर १४० किलोंची मर्यादा लिहिली आहे. तीही पाळायची.

यंत्र अडले तर?

माणूस खाली असताना खुर्ची थांबली, तर पहिले काम बूच काढण्याचे. पाणी गेले की बुडण्याची भीती संपते. मग कोरड्या टॉवेलने अंग झाकायचे, दुसरी चार्ज केलेली बॅटरी लावून पाहायची. तेही जमले नाही तर जाड कापडी झोळी अंगाखाली सरकवून चौघांनी उचलायचे. ही झोळी न्हाणीघरातच खुंटीला टांगलेली असते. दर तीन महिन्यांनी आम्ही याचा सराव करतो.

प्रत्येक माणसानंतर टब आणि खुर्ची साबणाने धुवून जंतुनाशकाने पुसायची. पाच टक्के हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाण्याचे ४९ भाग, हे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यायचे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवायचे. त्यात संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. पट्टा, बोल्ट आणि वायर आठवड्यातून एकदा पाहायची. वर्षातून दोनदा जाणकाराकडून तपासणी करून घ्यायची.

आपल्या घरी काय करता येईल?

वाचकांपैकी बहुतेकांना असा टब घ्यावा लागणार नाही. घरातल्या आजी-आजोबांसाठी रबरी टोपणांच्या पायांची प्लॅस्टिकची खुर्ची, न घसरणारी चटई आणि भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा एवढ्याने पडण्याचे पुष्कळ प्रसंग टळतात. दांडा विटांच्या भिंतीत खोल बोल्टने बसवावा, नुसत्या टाइलवर नाही. टॉवेलच्या दांडीचा आधार घेऊ देऊ नये, ती निघून येते. बादलीत आधी गार आणि मग गरम पाणी घ्यावे. दाराला आतून कडी नको.

देणगी देण्यापूर्वी

काही बंधुभगिनी शहरातून किंवा परदेशातून वापरलेली उपकरणे पाठवू इच्छितात. त्यांच्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण पाठवण्याआधी कृपया आम्हाला कळवावे. यंत्र २३० व्होल्टवर चालते का, त्याचे सुटे भाग भारतात मिळतात का, माहितीपुस्तिका सोबत आहे का, दुरुस्ती कोण करील, हे आधी पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ साली वैद्यकीय उपकरणांच्या देणग्यांबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे, त्यातही मुख्य आग्रह हाच आहे की घेणाऱ्याची गरज आणि सोय आधी विचारात घ्यावी. बॅटरीअभावी कोपऱ्यात पडलेल्या यंत्रापेक्षा एक मजबूत खुर्ची आणि दोन जाड टॉवेल जास्त उपयोगी पडतात.

सध्या दर आठवड्याला अकरा जणांची आंघोळ टबात होते. बॅटरी साधारण तीन-चार वर्षांनी बदलावी लागेल, म्हणून तिच्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवायला आम्ही सुरुवात केली आहे. आपण सदनाला भेट द्यायला आलात, तर सकाळी दहानंतर न्हाणीघर अवश्य पाहावे. त्याआधी मात्र दार बंद असते, कारण आत कोणीतरी निवांत आंघोळ करीत असते.